कराटे, कुस्ती, कुंगफू की एमएमए: क्लासमध्ये खरंच लढायला शिकवतात का ते कसं तपासायचं

मुलीला कराटेला घालू की बॉक्सिंगला, हा प्रश्न आमच्या बिल्डिंगमध्ये दर जूनमध्ये निघतो, शाळा सुरू झाल्या की क्लासवाल्यांचे बॅनर लागतात ना तेव्हा. आणि मग जी चर्चा होते ती बहुतेक वेळा भलतीकडेच जाते. एक जण म्हणतो पारंपरिक मार्शल आर्ट म्हणजे नुसती कवायत, खऱ्या मारामारीत उपयोग शून्य. दुसरा म्हणतो आमचे सर एका फटक्यात कौलं फोडतात, तिसरा मोबाईल काढून व्हिडिओ दाखवतो. तास जातो आणि जिला मुलीला क्लासला घालायचंय त्या बाईच्या हाती काहीच लागत नाही. मी शाळेत असताना कराटे केलं, नंतर बरीच वर्षं ज्युदो, आता दादरला मुलींना ज्युदो शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे आणि ह्यात लोकांचे पैसे आणि वर्षं वाया गेलेली बघवत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आर्टचं नाव बाजूला ठेवा आणि सराव करताना समोरचा माणूस विरोध करतो का ते बघा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आधी कुठली फाइट ते ठरवा

"फाइटमध्ये चालतं का?" असं कोणी विचारलं की आधी उलटा प्रश्न टाका, कुठली फाइट? रिंगमधली असेल तर तिथे वजनी गट आहे, रेफरी आहे, पाच-पाच मिनिटांचे राउंड आहेत, समोरचा पण महिनोन्महिने तयारी करून आलाय. पार्किंगवरून जुंपते ती वेगळी, त्यात आधी आवाज चढतात, मग छातीवर हात, मग कॉलर, आणि दोघं एकमेकांना धरून खाली पडतात ते थेट पेव्हर ब्लॉकवर. तिसरा प्रकार म्हणजे समोर तीन-चार जण आहेत किंवा एकाच्या हातात चाकू आहे. आणि चौथा, जो आपल्याकडे बायकांना सगळ्यात जास्त भोगावा लागतो, तो गर्दीतला स्पर्श, ब्रिजवर, प्लॅटफॉर्मवर, जनरल डब्यात, जिथे एका खांद्यावर बॅग आहे, एक हात वरच्या कडीला आहे आणि पाय हलवायला चार इंच जागा नाही.

ह्या चारही गोष्टींना एकच उत्तर देणारा सर असेल तर सावध व्हा. रिंगमधला उत्तम किकर गर्दीच्या डब्यात पाय उचलूच शकत नाही, आणि ज्युदोत मी जो थ्रो रोज मॅटवर करते तोच रस्त्यावर केला तर समोरच्याचं डोकं फुटून तो मरू शकतो. म्हणून वाद घालायचाच असेल तर पहिल्या मिनिटाला ठरवून टाका की आपण कशाबद्दल बोलतोय, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

विरोध आहे का ते कसं बघायचं

नेहमीचं डेमो सांगते. सर म्हणतात "मार पंच". पोरगा लांब पाऊल टाकून सरळ पंच मारतो आणि हात तसाच हवेत ठेवून उभा राहतो. सर मनगट पकडतात, कोपराखाली दुसरा हात घालतात, वळवतात, पोरगा गुडघ्यावर, पालक टाळ्या वाजवतात. इथे सरांकडे बघू नका, पंच मारणाऱ्याच्या हाताकडे बघा. खरा मारणारा हात बाहेर ठेवत नाही, जेवढ्या जोरात आला तेवढ्याच जोरात परत जातो आणि पाठोपाठ दुसरा येतो. त्याचा दुसरा हात नुसता कमरेवर का आहे? पकडल्यावर तो सोडवायचा प्रयत्न का करत नाही? नवीन माणसाला टेक्निक शिकवताना असं सावकाश करावंच लागतं, ते चूक नाही, आम्ही पण करतो. पण तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी पण हात तसाच हवेत थांबत असेल तर तिथे लढायला शिकवलं जात नाहीये.

आता कुठल्याही तालमीत संध्याकाळी जाऊन हौद्याच्या कडेला उभं राहा. दोन पोरं खडाखडी करतायत, एकाचा पंजा दुसऱ्याच्या मानेवर, दुसरा त्याचं मनगट शोधतोय, तेवढ्यात एक जण एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, खाली घुसतो आणि समोरचा पाय मागे टाकून सगळं वजन त्याच्या पाठीवर सोडून देतो. पट निघत नाही. उठतात, पुन्हा. आता तो आधी मान खेचतो, समोरचा उलटा जोर लावतो आणि त्या जोराच्या क्षणालाच हा खाली घुसतो, आणि पट निघतो. वस्ताद कडेवरून एवढंच म्हणतो, "डोकं वर ठेव रे." हे रोज चालू आहे, रोज समोरचा माणूस डाव अडवायला जिवाचं रान करतोय. प्रत्येक डावाला तोड असते हे त्या पोराला कोणी सांगावं लागत नाही, त्याच्या अंगावर ते रोज येतं.

आणि कुस्ती काही नवीन नाही ना! लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब, हनुमानाचा फोटो, ह्यापेक्षा पारंपरिक अजून काय पाहिजे. म्हणजे पारंपरिक विरुद्ध मॉडर्न ही रेषाच चुकीच्या जागी मारलेली आहे. जपानमध्ये जिगोरो कानोने 1882 मध्ये ज्युदो सुरू केलं तेव्हा त्याने जुन्या जुजुत्सूमधले जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून काढून कातात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, ठेवले आणि उरलेल्या थ्रो, पकडी, चोक पूर्ण ताकदीने एकमेकांवर करायला लावल्या. ह्या मोकळ्या सरावाला रांदोरी म्हणतात. डेंजरस टेक्निक बाजूला काढली म्हणून पोरं कच्ची नाही राहिली, उलट जास्त तयार झाली, कारण जे करत होती ते खऱ्या विरोधाविरुद्ध करत होती. त्यामुळे "आमची टेक्निक एवढी डेंजरस आहेत की स्पारिंग (सरावातली लढत) करताच येत नाही" असं कोणी सांगितलं की ही गोष्ट आठवा. डोळ्यात बोट घालायला सगळ्यांनाच जमेल असं वाटतं, पण आधी त्या डोळ्यापर्यंत हात पोचायला पाहिजे, आणि ते अंतर, तो टायमिंग, तो तोल हे सगळं विरोध करणाऱ्या माणसावरच शिकता येतं.

नियम बघा, कारण नियमांची सवय लागते

स्पारिंग आहे म्हणजे झालं असं पण नाही. कुठल्याही स्पारिंगला नियम असतात आणि जे नियमात नाही त्याचं शरीर भानच ठेवत नाही. तायक्वांदोच्या मॅचमध्ये तोंडावर पंच मारता येत नाही म्हणून बऱ्याच खेळाडूंचे हात खाली लोंबत असतात. क्योकुशिन कराटे फुल कॉन्टॅक्ट आहे, मार खायची तयारी जबरदस्त होते, पण तिथेही हाताने चेहऱ्यावर मारायचं नाही, त्यामुळे दोघं छातीला छाती लावून उभे राहतात, जिथे बॉक्सर त्यांना उभंच राहू देणार नाही. बॉक्सरला पायाची सवय नाही. मॅटवरच्या कुस्तीत पाठ टेकली की हरलात म्हणून पैलवान पोटावर वळतो, आणि ब्राझिलियन जुजुत्सूवाल्याला पाठ मिळाली की तो मागून गळा आवळतो. आमच्या ज्युदोत आता कमरेखाली हाताने पकडायला बंदी आहे, त्यामुळे नवीन पोरींना पट अडवायची सवयच नसते आणि ती आम्हाला मुद्दाम वेगळी शिकवावी लागते.

टोकियो ऑलिम्पिकमधली कराटेची फायनल बघा, 7 ऑगस्ट 2021, 75 किलोच्या वरचा गट. सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता, त्याने इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला हाय किक मारली आणि गंजजादेह बेशुद्ध, स्ट्रेचरवरून बाहेर. गोल्ड मेडल गंजजादेहला, कारण ताबा न ठेवता मारलं म्हणून हमेदी बाद. त्या खेळाच्या नियमाने निर्णय बरोबर होता. पण कराटेवाले मारू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ती किक बघावी, आणि कराटेचं मेडल म्हणजे फाइटचं सर्टिफिकेट असं म्हणणाऱ्यांनी तो निकाल बघावा.

खाशाबा जाधवांचं पण तेच. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गेले तेव्हा मातीतला हा पैलवान मॅटला आणि तिथल्या नियमांना सरावलेला नव्हता, तरी सहावा आला. मग चार वर्षं तयारी केली आणि 1952 ला हेलसिंकीमध्ये ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. डाव काही सगळे नवीन शिकायला लागले नाहीत, जमीन आणि नियम बदलल्यावर ते कसे लावायचे ते शिकायला लागलं.

व्हिडिओ दाखवून वाद जिंकता येत नाही

वादात दोन्ही बाजूंचे ठरलेले पत्ते असतात, ते माहिती असले की बरं पडतं. पारंपरिक काही कामाचं नाही म्हणणारे 12 नोव्हेंबर 1993 ची डेन्व्हरमधली पहिली यूएफसी काढतात, म्हणजे एमएमएची (पंच, किक, पकड सगळं चालणाऱ्या लढतींची) स्पर्धा, तिथे ब्राझिलियन जुजुत्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना हरवलं, त्यातला एक बॉक्सर एका हातात ग्लोव्ह घालून आला होता. किंवा 2017 चा चीनमधला व्हिडिओ, शू शियाओदोंग नावाच्या एमएमएवाल्याने ताई चीच्या मास्तरला काही सेकंदांत खाली पाडलं तो. पण ग्रेसीचं जुजुत्सू आलं कुठून, तर जपानी ज्युदोवाल्याकडून. आणि 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा ह्या ज्युदोवाल्याने हेलिओ ग्रेसीचा, म्हणजे रॉयसच्या वडिलांचा, हात मोडला, त्या लॉकला आज जुजुत्सूवालेच किमुरा म्हणतात.

दुसऱ्या बाजूचे लोक लियोटो माचिदा दाखवतात, शोतोकान कराटेचा, 2009 मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट चॅम्पियन. खरं आहे, त्याचं अंतर राखणं आणि आत घुसून मारणं अस्सल कराटेचं होतं. पण तो सुमो आणि जुजुत्सूपण केलेला माणूस होता, त्याला धरून पाडणं सोपं नव्हतं म्हणून ते कराटे उभं राहिलं. आपली पूजा तोमर बघा, वुशू ह्या चिनी मार्शल आर्टची राष्ट्रीय विजेती, 8 जून 2024 ला यूएफसीमध्ये जिंकणारी पहिली भारतीय बाई. वुशूत नुसते फॉर्म करणारे वेगळे आणि सांडा लढणारे वेगळे, सांडामध्ये पंच, किक आणि पाडणं तिन्ही खरं चालतं. तेव्हा कोणी व्हिडिओ दाखवला की विचारायचं, हा माणूस आठवड्यातून किती वेळा विरोध करणाऱ्यांबरोबर सराव करतो, आणि कुठल्या नियमात? उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं, आर्टच्या नावात नाही.

काता आणि मर्दानी खेळ

कातावर माझं मत बऱ्याच एमएमएवाल्यांना पटत नाही. काता वाईट नाही. पाय कुठे पडतो, कंबर कशी वळते, श्वास कधी सोडायचा हे एकट्याने घोटायला काता चांगला, आणि ज्याच्याकडे पार्टनर नाही जागा नाही त्याला तर फारच उपयोगी. पण कातामधल्या एका हालचालीचा अर्थ सरांना विचारा, आणि मग नम्रपणे म्हणा, "सर, हे मी थोडा विरोध केला तर कसं होतं ते दाखवाल का?" चांगला सर खुश होतो. करून दाखवतो, नाही झालं तर पुन्हा वेगळ्या तऱ्हेने करतो, कदाचित म्हणतो की ही पकड पुढच्या माणसाने आधी हात धरला तरच लागते. चिडला किंवा "अजून तुझी लेव्हल नाही" म्हणाला तर समजून जा. माझ्या लहानपणीचे कराटेचे सर पहिल्या प्रकारातले होते, म्हणून मला कराटेबद्दल आजही आदर आहे.

मर्दानी खेळाबद्दल आपली माणसं हळवी आहेत, मी पण आहे, दांडपट्टा 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. गणपती मिरवणुकीत लाठी फिरवणारी पोरगी बघितली की ऊर भरून येतो. तिचं मनगट, खांदा, पायाची चपळाई हे सगळं खरं आहे. पण समोर काठी घेतलेला दुसरा माणूस वार करत नाही तोपर्यंत ते कौशल्याचं प्रदर्शन आहे. ज्या आखाड्यात हेल्मेट आणि पॅड घालून, गुंडाळलेल्या मऊ काठीने दोघांना एकमेकांवर खरे वार करायला देतात तो आखाडा शोधा, आणि नसेल तर वस्तादांना विनंती करा. परंपरेचा अपमान होत नाही त्यात, जुन्या काळात हे शिकणाऱ्यांना खरंच समोरच्या तलवारीला तोंड द्यायचं होतं.

चाकूचं टेक्निक शिकवत असतील तर एक सोपी टेस्ट करा. जुना पांढरा टी-शर्ट घाला, पार्टनरच्या हातात लाल मार्कर द्या, दोघांनी डोळ्यावर गॉगल लावा आणि त्याला सांगा, एक वार करून थांबू नको, हवं तसं मार. अर्ध्या मिनिटाने टी-शर्ट बघा. पोटावर, काखेत, मानेजवळ रेघाच रेघा असतात, चांगल्या चांगल्यांच्या. हे एकदा बघितलेला माणूस मोबाईल आणि पाकीट देऊन पळ काढायचा सल्ला मनापासून ऐकतो.

ट्रायलला गेल्यावर

डेमोच्या दिवशी जाऊ नका, एखाद्या मंगळवारी न सांगता जा आणि कडेला बसून पूर्ण बॅच बघा. स्पारिंग किंवा लढती आठवड्यातून किती वेळा होतात, नवीन मुलांना कोणाबरोबर जोड लावतात, सर किंवा सीनियर स्वतः उतरतात का, कोणी सरांवर डाव लावला तर सर काय करतात, ह्यावर लक्ष ठेवा. माऊथगार्ड, शिनगार्ड, मॅट आहेत का. टाइल्सच्या फरशीवर थ्रो शिकवत असतील तर तिथूनच परत फिरा.

उलट्या टोकाला पण क्लास असतात. पहिल्याच आठवड्यात नवीन पोराला सीनियरसमोर उभं करून नाक फोडतात आणि म्हणतात रिअल फाइट शिकवतो. ते शिकवणं नाही. डोक्यावर रोज जोरात मार खाऊन मेंदूला इजा होते आणि ती भरून येईलच असं नाही. चांगल्या जागी बहुतेक स्पारिंग हलकं असतं, विरोध पूर्ण पण जोर कमी. डोक्याला लागून चक्कर, उलटी, डोकेदुखी झाली तर त्या दिवशी सराव बंद, डॉक्टरला दाखवायचं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही. हा नियम सरांना विचारून बघा, त्यांना तो पाठ असायला पाहिजे.

अमुक वर्षात ब्लॅक बेल्ट नक्की, अशी हमी देत असतील आणि वर्षाची फी आधीच मागत असतील तर एक महिन्याचीच भरा. बेल्ट परीक्षेची फी, ड्रेसची फी, सर्टिफिकेटची फी हे सगळं आधी कागदावर मागून घ्या, आई-वडील हे विचारायला लाजतात, लाजू नका.

एक दिवसाची सेल्फ डिफेन्सची शिबिरं

कॉलेजात, ऑफिसात दोन तासांचं वर्कशॉप होतं, मनगट सोडवायच्या पाच ट्रिक शिकवतात, फोटो निघतात. मुलींनो, त्यातून हिंमत येत असेल तर जरूर जा, पण दोन तासांत हात लढायला शिकत नाही. तेवढ्या वेळात घोटायचंच असेल तर पोटातून ओरडणं, कोपर मागे मारणं आणि दाराकडे सरकणं, एवढंच, पण पार्टनरने खरंच घट्ट धरून ठेवलेलं असताना. ट्रेनमध्ये 139, बाकी कुठेही 112, नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

कायदा पण क्लासमध्ये सांगायला पाहिजे, फार थोडे सांगतात. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. बचावासाठी जेवढी गरज आहे तेवढीच इजा करायची परवानगी आहे. समोरचा खाली पडला, पळायला लागला, आणि तुम्ही मागे जाऊन दोन लाथा जास्त घातल्या तर आरोपी तुम्ही होता. "पाडल्यावर संपवायचं" असं शिकवणारा सर तुमच्या मुलाला जेलची वाट दाखवतोय.

जवळ एकच क्लास असेल आणि तिथे स्पारिंगच नसेल तर

हे मुंबईत सर्रास होतं, ऑफिस सुटल्यावर दोन गाड्या बदलून कोण जाणार. तर तोच क्लास करा, सर चांगले असतील तर सोडू नका. त्यांची परवानगी घेऊन क्लास संपल्यावर दोन-तीन जण मॅटवर थांबा. सुरुवात पंचने करू नका, पकडीने करा. एकाने दोन्ही मनगटं धरायची, दुसऱ्याने फक्त सोडवून मागे दोन पावलं जायचं, धरणाऱ्याने खरंच सोडायचं नाही. ते जमायला लागलं की मागून मिठी, मग भिंतीला दाबलेलं, मग खाली पडलेल्याने उठून उभं राहायचं आणि वरच्याने उठू द्यायचं नाही. एक-एक मिनिटाचा डाव, मग अदलाबदल. हाताने दोनदा थोपटलं की लगेच सोडायचं, हात अडकला असेल तर तोंडाने ओरडायचं, आणि वजनात खूप फरक असेल तर जड माणसाने जोर कमी ठेवायचा. दागिने, घड्याळ काढून ठेवा, नखं कापून या.